डिन वाढवायला निघालो होतो

आज भरधाव वळणात, ओबडधोबड बर्फावर, डावी स्की पायातून निसटली. मांडीवर निळा डाग, बाकी धडधाकट. पहिला विचार? डिन, म्हणजे बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) किती जोर लागल्यावर सुटेल तो आकडा, ९ वरून ११ करू. स्क्रूड्रायव्हर शोधायलाही लागलो होतो.

मेकॅनिकने बूट लावून पाहिला आणि हसला. नवा बूट घेतल्यावर बाइंडिंगचं फॉरवर्ड प्रेशर कोणी जुळवलंच नव्हतं. (कोणी म्हणजे मीच.) म्हणजे बाइंडिंगचा टाचेकडचा भाग बुटावर नीट दाबलेलाच नव्हता, मग डिन कितीही वाढवा, काय उपयोग? आणि आकडा फुगवला असता, तर हवी तेव्हा स्की सुटली नसती आणि गुडघा गेला असता.

तरी नवीन बाइंडिंग घ्यायचंच आहे. मन लुक कंपनीच्या पिव्हट १८ वर होतं. पण त्याची डिनची रेंज ८ ते १८, म्हणजे माझा ९ अगदी तळाशी. ६ ते १५ वालं पिव्हट १५ मला जास्त योग्य. खरी गंमत तर इलॅस्टिक ट्रॅव्हलमध्ये आहे: धक्का बसला की बूट थोडा सरकतो आणि स्की न सुटता परत जागेवर येतो. पिव्हटची टाच पायाखालीच फिरते, म्हणून पिळाच्या पडण्यात सुटायला सोपं. ब्रेक (सुटलेली स्की थांबवणारा) स्कीच्या कमरेहून, म्हणजे मधल्या अरुंद भागाहून, जरासा रुंद, बस्स.

मोठा आकडा मिरवायचा मोह मात्र अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. उद्या तोच उतार, ९ वरच.