खजिन्याची नक्षी, मग सोनं कुठाय?

माझ्या धातूवरच्या कोरीवकामाचे फोटो चाळणारे बहुतेक जण एका सुरीपाशी थांबतात आणि विचारतात, "दायमाबादच्या खजिन्यावरून नक्षी केलीय म्हणता, मग तांबं का? सोनं का नाही घातलंत?" दर वेळी घाईत काहीतरी उत्तर देतो आणि ते अर्धवटच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

सुरी करून घेणारे डॉक्टर मूळचे श्रीरामपूरचे. पातं पुण्यातल्या माझ्या मित्राने घडवलं, बेअरिंगच्या पोलादाचं. नक्षी माझ्याकडे आली. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच होतं, "आमच्या दायमाबादचा खजिना दिसू द्या. आणि सोन्याची तार घाला, पैशाचं बघू."

दायमाबाद श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. 1974 साली तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. चारही भरीव ओतलेल्या, मिळून 60 किलोहून जास्त वजनाच्या. सोन्याचा कण नाही, सगळा तांब्याचा माल. त्या हाती लागल्या त्या अशा अवचित, म्हणून त्यांच्या काळावरून अभ्यासकांत वाद आहे. बरेच जण त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, तुमच्या गावच्या खजिन्यात सोनं निघालंच नाही. मी घातलं तर ती नक्षी दुसऱ्या कुठल्या तरी गावची होईल." फोनवर जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं, तांबं तर तांबं."

सोन्याच्या बाजूने बोलायचं तर ते काळं पडत नाही, तांबं पडतं, हे मला मान्य आहे. पण ज्याला खजिना म्हणतोय तो तरी कुठे पिवळाधमक आहे?

तार आणली कोपऱ्यावरच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून. ते तांबं चांगलं शुद्ध असतं. वरचं इनॅमलचं वेष्टन जाळायचं, तार लाल करून पाण्यात सोडायची, की दोऱ्यासारखी वळते.

पात्यावर मी काहीच कोरलं नाही. पाणी देऊन कडक केलेल्या पोलादावर कोरायच्या कलमाचं टोकच उडतं. कोरलं ते बोल्स्टरवर, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधल्या धातूवर. तो साध्या मऊ लोखंडाचा, 30 मिलिमीटर लांब. एका बाजूला रथ, दुसऱ्या बाजूला हत्ती. दोन्ही एकाच मापात कमी केले, सोळाव्या हिश्श्याला. मूळ रथ 45 सेंटिमीटरचा, माझा 28 मिलिमीटरचा. सारथी 16 सेंटिमीटरचा, तो झाला 1 सेंटिमीटर. रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे, तो तांदळाच्या दाण्याएवढा. गेंडा आणि रेडा गाळले. चारही कोंबले असते तर जत्रेतला फलक झाला असता.

तांब्याची तार फक्त रथाच्या दांडीला आणि चाकांना. बोल्स्टर राळेत बसवला आणि तारेपेक्षा किंचित अरुंद खोबण काढली. मग बारीक छिन्नीने खोबणीच्या दोन्ही भिंती तळाशी आतून पोखरल्या, म्हणजे पोट मोठं आणि तोंड लहान. तार वर ठेवून बोथट ठोकणीने ठोकत गेलं की तांबं आत पसरतं आणि अडकून बसतं. डिंक नाही, झाळण नाही. वर उरलेलं तांबं कानशीने लोखंडाच्या पातळीला आणायचं. तार नीट बसली असेल तर नख फिरवून सांधा लागत नाही.

हत्तीला चाकं नाहीत, तेही बरेच जण विचारतात. मूळ हत्ती चाकांवरचाच, पण त्याची चाकं आणि ती बसवायचे आस, दोन्ही हरवलेत. मीही दोन्ही कोरले नाहीत. नसलेलं चाक घालायला हात धजला नाही.

आणि कुत्रा. शेवटच्या दिवशी शेपटी कोरताना कलम घसरलं ते थेट बैलाच्या पाठीवर गेलं. ओरखडा खोल होता. पॉलिशने जाणारा नव्हता. तेवढा भाग घासून खाली घेतला, तेव्हा कुत्राही गेला आणि बैलाचं वशिंडही गेलं. दोन दिवसांचं काम पुन्हा. दुसरा कुत्रा पहिल्यापेक्षा थोडा रोडावलेला निघाला. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, "चालेल, श्रीरामपूरकडचे कुत्रे असेच असतात."

सुरी पाठवण्याआधी अण्णांना दाखवली. अण्णांनी हुपरीत पैंजणांचे ठसे कोरण्यात उभी हयात घालवली. ठसा उलटा कोरायचा, म्हणजे चांदीवर सुलटा उमटतो. त्यांनी भिंग लावलं, बोल्स्टर इकडून तिकडून फिरवला, मग उजेडाकडे धरून म्हणाले, "बैल उजवीकडं जायला लागलेत रं. छापल्यावर डावीकडं जातील की."

"अण्णा, हे छापायचं नाही. सफरचंद कापायचंय."

"मग एवढं बारीक कशाला मारलंस?" म्हणाले, आणि भिंग न काढता परत कुत्र्याकडे बघत बसले.