रामनदी: पहाटेची बाटली आणि दुपारची

पुण्याच्या पश्चिमेला खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावणारी रामनदी भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर असं करत मुळेला मिळते. लांबी जेमतेम 18-19 किलोमीटर. मे महिन्यात आम्ही तिच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन तपासायला गेलो तेव्हा वरच्या भागात बेसॉल्टचं पात्र कोरडं होतं, कुठंकुठं डबकी. पाषाण तलावाच्या खाली मात्र नदी चांगली वाहत होती. उगमाकडचं पाणी आटलेलं असताना खाली धार दिसली की आनंद मानू नये. ते बहुतेक सांडपाणीच असतं.

आधी प्रवाह मोजला. पात्राचा 10 मीटरचा सरळ तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांना दोरी बांधायची आणि पाऊण भरलेली छोटी बाटली सोडून वेळ घ्यायचा. रिकामी बाटली वारा ढकलतो. पृष्ठभागाचं पाणी सरासरीपेक्षा वेगात जातं, म्हणून आलेल्या वेगाला 0.85 ने गुणायचं, मग रुंदी आणि सरासरी खोलीने. 4 मीटर रुंदी, 15 सेंटीमीटर खोली, सेकंदाला 20 सेंटीमीटर वेग असेल तर सेकंदाला सुमारे 100 लिटर पाणी. खोली दर अर्ध्या मीटरला घ्यावी. मधल्या एकाच मापावर भागवलं तर आकडा फुगतो.

मुख्य काम ऑक्सिजनचं. उजाडायच्या आत पहिला नमुना घेतला. 300 मिलीलिटरची काचेची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची, बूच पाण्यातच लावायचं. एक बुडबुडा राहिला तरी मोजमाप वाया. तिथंच काठावर 2 मिलीलिटर मँगनस सल्फेट आणि 2 मिलीलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड पिपेटने पृष्ठभागाखाली सोडायचं. अझाइड हवंच, नाहीतर सांडपाण्यातलं नायट्राइट आकडा वाढवून दाखवतं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. आमच्या बाटलीत तो जवळजवळ पांढरा बसला, म्हणजे ऑक्सिजन नावालाच. त्याच वेळी पात्रात तिलापिया आणि गप्पी तोंड वर काढून पाण्याचा वरचा पातळ थर ओढत होते.

दुपारी तीनला त्याच दगडाजवळून दुसरी बाटली भरली. साका गडद तपकिरी. आम्ल घालून टायट्रेशन केलं, म्हणजे स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट थेंबथेंब सोडून किती लागलं ते मोजलं. पुण्याच्या उंचीवर 30 अंशांना पाण्यात साधारण 7 मिलीग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो. हे पाणी त्याच्याही वर होतं.

नदी दुपारपर्यंत स्वच्छ झाली नव्हती. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच ऑक्सिजन वापरतं. गाळातले जिवाणू उरलेला संपवतात. त्यात दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, सामू (pH) चढतो, म्हणजे पाणी अधिक अल्कधर्मी होतं, आणि अमोनियाचा विषारी भाग वाढतो. मासा पहाटे गुदमरतो, दुपारी अमोनिया सोसतो. कार्यालयीन वेळेत, अकरा-बारा वाजता घेतलेल्या नमुन्यांचे अहवाल बरे दिसतात ते यामुळेच. आकड्याशेजारी वेळ लिहिलेली नसेल तर तो आकडा मी धरत नाही.

खात्री करून घ्यायला दगड उलटावेत. किडे रोज दिवसरात्र तिथंच राहतात, त्यांना फसवता येत नाही. स्वच्छ, वाहत्या ओढ्यात दगडाखाली पोटाच्या कडेला कल्ले असलेली मेफ्लाय या किड्याची पिल्लं चिकटलेली सापडतात. इथं गाळात फक्त लाल अळ्या आणि ट्यूबिफेक्स जंत होते. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून इतक्या कमी ऑक्सिजनवरही ते तग धरतात. जलपर्णी काढली की काम झालं असं समजणाऱ्यांनी हा गाळ एकदा हातात घ्यावा. जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात तोच ढवळला जातो, उरलासुरला ऑक्सिजन खातो, आणि मग मेलेले मासे काठाला लागतात.