घरचा माइनक्राफ्ट सर्व्हर आणि बाहेरून न उघडणारे दार

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याच्या आग्रहावरून मी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर माइनक्राफ्ट या खेळाचा, त्यातही जावा एडिशनचा, सर्व्हर चालू केला, म्हणजे सगळ्यांना एकत्र खेळता येईल असे जग त्यावर उघडले. मी पुण्यात, भाचा नाशिकला, त्याचे दोन मित्र त्याच्याच सोसायटीत आणि मावसबहिणीची मुलगी न्यू जर्सीत, अशी ही मंडळी. सर्व्हर सुरू झाल्याचा संदेश आला, मी स्वतः आत जाऊन दोन झाडे तोडून पाहिली आणि घरच्या जोडणीचा पत्ता भाच्याला पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. "मामा, कनेक्टच होत नाहीये. टाइम्ड आउट म्हणतंय." त्याला आत घ्यायला मला नऊ दिवस लागले, आणि त्यातले निदान पाच माझ्या चुकीच्या क्रमामुळे वाया गेले.

पहिली चूक म्हणजे त्याने वाचून दाखवलेल्या शब्दांकडे मी लक्षच दिले नाही. 'रिफ्यूज्ड' असा संदेश येतो तेव्हा आपली हाक बहुधा एखाद्या यंत्रापर्यंत पोचलेली असते आणि तिथे त्या पोर्टवर (यंत्राच्या क्रमांक दिलेल्या दारावर) कोणी ऐकत नसल्याचे ते यंत्र कळवत असते. 'टाइम्ड आउट' म्हणजे हाक वाटेतच कुठेतरी गिळली गेली. सर्व्हरच अडला असावा अशा समजुतीने मी तो चार वेळा बंद करून सुरू केला, सर्व्हर ज्यावर चालतो ते जावा नव्याने टाकले, आणि यातल्या कशाचाही त्या संदेशाशी संबंध नव्हता.

शेवटी आतून बाहेर जायचे ठरवले. सर्व्हर ज्या लॅपटॉपवर आहे तिथूनच 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हेच यंत्र', असे लिहून जोडणी लागते का, मग घरातल्या दुसऱ्या संगणकावरून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या घरगुती पत्त्यावर लागते का, आणि हे दोन्ही जमल्यावरच बाहेरून. माझ्याकडे दुसऱ्याच पायरीवर गाडी अडली, म्हणजे नाशिकपर्यंत जाण्याची गरजच नव्हती; हॉलमधून आतल्या खोलीतही जोडणी लागत नव्हती.

दोष विंडोजच्या फायरवॉलचा, म्हणजे जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्याचा होता, किंवा खरे सांगायचे तर माझ्या घाईचा. सर्व्हर पहिल्यांदा सुरू करताना 'जावाला नेटवर्क वापरू द्यायचे का' असे विचारणारी चौकट येते, ती मी न वाचता रद्द केली होती. रद्द केल्याने प्रश्न संपत नाही. विंडोज जावासाठी मनाईचा नियमच लिहून ठेवते. पुढे मी २५५६५ या पोर्टसाठी, म्हणजे जावा एडिशनच्या नेहमीच्या पोर्टसाठी, परवानगीचा नियम हाताने घातला, तरीही काही फरक पडेना, कारण परवानगी आणि मनाई असे दोन्ही नियम लागू होत असतील तर तिथे मनाई जिंकते. आत येणाऱ्या जोडण्यांच्या यादीत जावाच्या नावापुढची लाल खूण दिसली, ते नियम पुसले आणि आतल्या खोलीतला संगणक लगेच जोडला गेला.

पुढचे काम राउटरमधल्या पोर्ट फॉरवर्डिंगचे. बाहेरून २५५६५ वर जे येईल ते लॅपटॉपकडे पाठव, एवढीच सूचना राउटरला द्यायची असते. मी ती १९२.१६८.१.७ या पत्त्यासाठी दिली. दुसऱ्या दिवशी वीज गेली, सगळी यंत्रे नव्याने सुरू झाली, राउटरने पत्ते पुन्हा वाटले आणि ७ क्रमांक टीव्हीला गेला. माइनक्राफ्टची वाट टीव्हीकडे काढून मी अर्धी संध्याकाळ बसलो होतो. लॅपटॉपचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवल्याशिवाय हे काम पुरे होत नाही.

तरीही भाचा बाहेरच. इथे एक खबरदारी सांगायला हवी: घरच्याच वायफायवरून स्वतःचा बाहेरचा पत्ता टाकून केलेली चाचणी धरू नये, कारण बऱ्याच राउटरांना आतून निघून पुन्हा आत वळणारी वाट जमत नाही आणि सगळे ठीक असतानाही अपयश दिसते. चाचणीच्या यंत्राला मोबाइल डेटावर घ्यावे. मी तसे केले, तरी टाइम्ड आउटच.

तेव्हा कुठे मी जी तुलना पहिल्या दिवशी करायला हवी होती ती केली. 'माझा आयपी पत्ता काय' असे विचारल्यावर संकेतस्थळ जो पत्ता दाखवते तो एका कागदावर लिहिला आणि राउटरच्या पानावर 'वॅन', म्हणजे बाहेरची बाजू, या शीर्षकाखाली दिसणारा पत्ता त्याखाली लिहिला. दोन्ही सारखे असायला हवेत. माझा खालचा पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. (तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू झाला असता तर घरातच एकामागे एक दोन राउटर तर नाहीत ना, ते आधी पाहावे लागले असते.) १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी २०१२ साली राखून ठेवलेला आहे. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, म्हणून कंपनी अनेक घरांमागे एकच सार्वजनिक पत्ता ठेवते. आतून बाहेर गेलेल्या मागणीचे उत्तर कोणत्या घराला द्यायचे हे तिच्या यंत्राच्या नोंदीत असते. बाहेरून आपणहून आलेली हाक कोणाची, याची नोंदच नसते आणि ती टाकून दिली जाते. माझ्या राउटरमधली पोर्टची सूचना अगदी बरोबर होती, पण तिथपर्यंत काही पोचतच नव्हते.

ग्राहक सेवेला फोन केला. "सर, तुमचं नेट चालू आहे ना? स्पीड येतोय ना?" दोन्हींचे उत्तर हो असल्यामुळे त्यांच्या लेखी तक्रारच उरली नव्हती. तिसऱ्या फोनला मी तक्रार हा शब्द सोडला आणि 'स्टॅटिक पब्लिक आयपी (न बदलणारा, फक्त आपला सार्वजनिक पत्ता) हवा आहे, दर काय' एवढेच विचारले. मग काम झाले, अर्थात दरमहा वेगळे पैसे मोजून. मधल्या काळात आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धतही करून पाहिली. त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट मोकळी केल्यावर मोबाइल डेटावरून जोडणी लागलीही, पण भाच्याच्या घरी आयपीव्ही६ नव्हते. ज्यांना महिन्याचे पैसे द्यायचे नाहीत त्यांनी टेलस्केलसारखी खासगी जाळ्याची सोय वापरावी, मात्र ती प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर टाकावी लागते आणि तिचे पत्तेही १०० नेच सुरू होतात, हे तपास करताना लक्षात ठेवावे.

जोडणी लागली, आणि रात्री नऊ वाजले की खेळ अडखळू लागला. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. सर्व्हरच्या खिडकीत 'कान्ट कीप अप' असा इशारा येत असेल तर लॅपटॉप दमला आहे. एका सेकंदात २० फेऱ्या, म्हणजे फेरीला ५० मिलिसेकंद, एवढी चाल त्याला झेपत नाही, आणि दृश्याचे अंतर, म्हणजे खेळाडूभोवती किती दूरपर्यंतचे जग दाखवायचे ते, १० वरून ६ वर आणल्याने माझे बरेच भागले. इशारा नसताना अडखळत असेल तर जाळे पाहावे. मी एका खिडकीत राउटरला आणि दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एका पत्त्याला सतत पिंग, म्हणजे उत्तर किती वेळात येते ते मोजणारी हाक, लावून ठेवले. राउटरचे उत्तर १ मिलिसेकंदात येत होते, बाहेरचे मात्र १२ वरून एकदम ४०० वर चढत होते. आमच्या सौभाग्यवतींचा फोन चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवू लागे, त्याने अपलोडची वाट भरून जाई, आणि खेळाच्या माहितीची इवलीशी पाकिटे राउटरमधल्या त्या रांगेत मागे उभी राहत. शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही असे होते, कारण प्रश्न रांगेचा असतो. राउटरमध्ये अपलोडला प्रत्यक्ष क्षमतेच्या थोडी खालची मर्यादा घातली आणि ४०० चे ३० झाले.

पोर्ट उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी सर्व्हरच्या नोंदवहीत एक अनोळखी नाव दिसले. इंटरनेटवर उघडी पोर्टे शोधत फिरणारे यांत्रिक पाहुणे असतातच, म्हणून त्याच रात्री व्हाइटलिस्ट, म्हणजे फक्त यादीतल्यांनाच आत घेण्याची सोय, चालू करून त्यात आमची पाच नावे घातली.

न्यू जर्सीच्या भाचीचे पिंग मात्र २५० मिलिसेकंदांच्या आसपासच राहते. अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात, काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती तरी जाऊन येऊन १२५ मिलिसेकंद लागलेच असते. तिला हे समजावून सांगितल्यावर तिने लढाया भाच्यावर सोपवल्या आणि सध्या ती नदीकाठी गव्हाची शेती करते.