मिल्ड्यूराच्या जुन्या अल्बमची प्रत मिळवताना

‘छायाचित्रकाराचे नाव’ हा रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढेच सरकत नव्हता. ‘माहीत नाही’ लिहिलं तर अर्ज परत.

मला हवे होते मिल्ड्यूराच्या एका अल्बममधले फोटो, मोठ्या आकारात. हा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला मरे नदीकाठचा भाग. 1887 मध्ये चॅफी बंधूंनी इथे नदीचं पाणी पंपाने उचलून वसाहत उभी केली आणि लाल मातीत द्राक्षं आली. माझं माहेर तासगाव तालुक्यात. आमच्याकडे बेदाण्यासाठी द्राक्षं ज्या द्रावणात बुडवतात, ती पद्धत ऑस्ट्रेलियातलीच. त्यामुळे अल्बममध्ये बेदाण्याचे रॅक दिसले तेव्हा मला राहवेना: लाकडी खांब, तारेच्या जाळीचे थर, वर पत्रा.

अल्बम सापडणं, बघायला मिळणं, सगळं सुरळीत झालं. अडलं ते प्रतीच्या अर्जावर. फोटो कुणी काढले हे अल्बमवर कुठेच नाही. अल्बम जिथे ठेवलेला आहे त्या कार्यालयाचं उत्तर ठरलेलं: नाव द्या, नाहीतर वारसांची परवानगी आणा. ज्याचं नावच माहीत नाही, त्याचे वारस कुठून आणायचे? फोन केला की ‘ईमेल करा’, ईमेल केला की तोच अर्ज पुन्हा. माझा संताप अजून गेलेला नाही, कारण ऑस्ट्रेलियात 1 जानेवारी 1955 पूर्वी काढलेल्या फोटोंवर कॉपीराइट उरलेला नाही, मग ते कुणीही काढलेले असोत. हे कार्यालयाला माहीत असायलाच हवं.

मग मी नावाचा नाद सोडला आणि काळ सिद्ध करायला बसले. स्टेशनात आगगाडी उभी आहे, म्हणजे फोटो 1903 नंतरचा. त्या वर्षी रेल्वे मिल्ड्यूराला पोचली. दुसऱ्या पानावर मरेच्या कोरड्या पात्रात माणसं सहलीला बसलेली. 1914-15 च्या दुष्काळात नदीची नुसती डबकी उरली होती. 1927 मध्ये मिल्ड्यूराला बंधारा झाला, त्यानंतर तिथलं पात्र सहसा भरलेलंच असतं. म्हणजे फोटो त्याआधीचा, 1955 च्या तर कितीतरी आधीचा. हे सगळं एका पानावर लिहिलं, ‘ट्रोव्ह’ या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरच्या तेव्हाच्या वर्तमानपत्रांची कात्रणं जोडली आणि अर्ज थेट वरिष्ठांकडे पाठवला. मंजूर झाला! नाव न देता.

‘ट्रोव्ह’ फुकट आहे. तुम्ही सुरुवात तिथूनच करा.

प्रत मागताना नुसता फोटो मागू नका, अख्खं पान मागा. काळ्या कागदावर पांढऱ्या शाईने लिहिलेल्या ओळी फोटोबाहेर असतात, आणि गावांची नावं तिथेच सापडतात.

आबांना रॅकचा फोटो पाठवला. त्यांचा पहिला प्रश्न, “खालच्या थराला वारा लागतो का गं?” मोठ्या प्रतीत जाळीखालची मोकळी जागा स्पष्ट दिसते, म्हणून सांगता आलं. छोट्या प्रतीत ते दिसलं नसतं, तेव्हा टिफ (मोठ्या, स्पष्ट प्रतीची) फाइलच मागा, पैसे थोडे जास्त पडले तरी.