जेट आलं, पण आधी दार मोठं झालं

आमच्या कार्गोवाल्यांना विमान हवेत किती जोरात पळतं यापेक्षा ते खाली किती वेळ अडकून पडतं याची काळजी जास्त असते, आणि म्हणूनच मला फ्लाइंग टायगर लाइन ही अमेरिकन कंपनी फार जवळची वाटते.

चीनच्या बाजूने जपान्यांशी लढलेला रॉबर्ट प्रेस्कॉट हा वैमानिक, त्याने 1945 मध्ये जुने साथीदार गोळा करून कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. पहिली विमानं बड कोनेस्टोगा, चक्क स्टेनलेस स्टीलची, पण मागे रॅम्प होता, माल सरळ आत! पुढे 1957 पासून लॉकहीडची सुपर कॉन्स्टेलेशन आली, दिसायला अतिशय देखणी, पण तिची 18 सिलिंडरची पिस्टन इंजिनं म्हणजे कायमचा घोर. सप्टेंबर 1962 मध्ये यांच्याच एका विमानाची चारपैकी तीन इंजिनं अटलांटिकवर बंद पडली आणि ते रात्री खवळलेल्या समुद्रात उतरवावं लागलं, 76 पैकी 48 जण वाचले. असलं वाचलं की पिस्टन इंजिन जायलाच हवं होतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण त्याच्या आधीच, 1961 मध्ये, कॅनडेअरचं सीएल-44 आलं होतं. टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिन पण पुढे पंखा. खरी गंमत शेपटीत, अख्खी शेपूट बिजागरीवर बाजूला वळायची आणि लांबच्या लांब माल मागून थेट आत जायचा. माझ्या मते जेटयुगाची तयारी इथे झाली, नंतरच्या बोइंग 707 जेटमध्ये नाही.

707 आलं 1965 मध्ये, पहिलं खरंखुरं जेट. एवढं महागडं विमान पोती-खोकी एकेक करून भरत उभं ठेवणं कुणाला परवडणार? मग माल आधीच खाली पॅलेटवर, म्हणजे धातूच्या सपाट फळीवर, रचायचा, वरून जाळी आवळायची, लोडरने दारापर्यंत उचलायचं, आत बॉल मॅटवर, म्हणजे फिरत्या गोळ्या बसवलेल्या जमिनीवर, फिरवून रोलरवरून ढकलत न्यायचं आणि लॉक मारायचं. टनभराचं पॅलेट दोन पोरं हाताने सरकवतात, खोटं वाटेल पण आमच्याकडे रोज चालतं हे. अशी 13 पॅलेटं 707 च्या मेन डेकवर, म्हणजे वरच्या मुख्य मजल्यावर, बसायची, आणि ते 88 बाय 125 इंचाचं माप आजही आम्ही बिल्ड-अपला, म्हणजे पॅलेटवर माल रचायला, वापरतो. बाय द वे, त्याच वर्षी नोव्हेंबरात यांच्याच एका 707 ने दोन्ही ध्रुवांवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारं ते पहिलं विमान.

1968 ला डग्लसचं लांबुळकं डीसी-8-63 जेट आलं, त्यात 18 पॅलेटं, मग सत्तरच्या दशकात 747. शेवटी 1989 मध्ये कंपनी फेडेक्समध्ये विलीन झाली आणि टायगर्सनी वर्षानुवर्षं बांधलेले आशियातले मार्ग फेडेक्सला आयते मिळाले.