तुम्ही विचारलंत म्हणून: मारणारा नवरा कोर्स करून सुधारतो का?

मेलबर्नच्या मराठी घरांत माझं काम कळलं की हा प्रश्न येतोच. सरळ सांगते: काही सुधारतात, काही नाही. आणि कोण सुधारला, हे नुसतं त्याच्या तोंडून ऐकून आम्ही ठरवत नाही.

बायकोवर हात उचलणाऱ्या पुरुषांसाठी इथे व्हिक्टोरिया राज्यात गट चालतात, किमान 20 आठवडे. कुणी कोर्टाच्या आदेशाने येतो, कुणी बायको मुलांना घेऊन निघून गेली म्हणून. मी त्या खोलीत नसते. मी त्यांच्या बायकांना फोन करते.

हा राग आवरायचा कोर्स नव्हे. "मला राग आवरत नाही," असं बहुतेकजण म्हणतात. मग त्या रागात काय फुटलं, ते विचारायचं. तिचा मोबाइल, तिने माहेरून आणलेली बरणी. स्वतःचा लॅपटॉप शाबूत. 1984 मध्ये अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, मार सोसलेल्या बायकांच्याच सांगण्यावरून, छळ कसा चालतो हे दाखवणारं एक चाक कागदावर आखलं गेलं. मध्यभागी सत्ता आणि नियंत्रण. भोवती पैसे हातात न देणं, माणसांपासून तोडणं, मुलांवरून धमकावणं. आणि मारहाण ही बाहेरची धाव. गटांत ते अजून वापरतात. आपल्या मुलींच्या बाबतीत मी त्यात व्हिसाही धरते. "परत पाठवून देईन" हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलंय!

"दोघांना समोर बसवून समेट करा," असं आपल्याकडचे वडीलधारे सांगतात. आम्ही बसवत नाही. त्याच्यासमोर ती खरं बोलली, तर घरी गेल्यावर तिला ते भोगावं लागेल.

एकीचा नवरा एकही आठवडा चुकवत नव्हता. गटात सगळ्यांत छान बोलायचा. ती मला म्हणाली, "ताई, आता मारत नाही. आता म्हणतो, तूच मला कंट्रोल करतेस. हा शब्द तिथेच शिकलाय." हा फोन झाला नसता तर आम्ही त्याला सुधारलेला समजलो असतो. तिची परवानगी घेऊन, तिचं नाव कुठेही येणार नाही अशा बेताने, गट घेणाऱ्यांनी तो विषय काढला. पुढच्या दोन आठवड्यांत त्याने येणं सोडलं.

तिला मी अजूनही फोन करते, तो कामावर असताना. मागच्या गुरुवारी तिने स्वतःच्या नावावर बँकेत खातं उघडलं.