पोडोकार्पस: छाट कलमांची प्रगती आणि पुढची कामं

सध्या पोडोकार्पस या सदाहरित, शंकुधारी प्रजातीच्या चार जाती मुळं धरायला लावलेल्या आहेत: न्यूझीलंडचा तोतारा, तिथल्याच उंच डोंगरउतारांवरचा झुडपी निवालिस, दक्षिण आफ्रिकेचा हेन्केली आणि चिलीचा सॅलिग्नस. शंभरेक जातींच्या या प्रजातीत जमिनीलगत पसरणारी झुडपं आहेत आणि जंगलाच्या छतापर्यंत पोचणारे वृक्षही. पण वृक्षरूपी जातींची कलमं करताना आधी एकच गोष्ट बघायची: काडी झाडाच्या कोणत्या भागातली आहे.

उभ्या शेंड्याची काडी सरळ वाढते. आडव्या फांदीची काडी रुजते, पण रोप कडेलाच पसरत राहतं. काठीला बांधलं तरी नवी फूट पुन्हा आडवी जाते. हेन्केलीच्या रांगेत हा फरक आत्ताच उघड दिसतोय. म्हणून मातृवृक्षाचा शेंडा छाटावा, कापाखालून उभे फुटवे येऊ द्यावेत आणि काड्या त्यांच्याच घ्याव्यात. निवालिसला मुळातच पसरायचं असतं, त्यामुळे तिथे ही काळजी नको.

दुसरी नोंद लिंगाची. नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि कलम मातृवृक्षाचंच लिंग घेऊन येतं. लाल, गरदार देठाच्या टोकावर बसलेलं बी हवं असेल तर दोन्ही लागतात. लेबलवर जातीसोबत नर की मादी हे लिहिलंच पाहिजे, कारण रोपाकडे बघून पुढची कित्येक वर्षं ते कळणार नाही.

काडी ८ ते १२ सेंटिमीटरची, अर्धपक्व: वाकवली तर लवचीक, पण बुडाशी तपकिरी होऊ लागलेली. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढायची, बुडाला एका बाजूने सेंटिमीटरभर साल खरवडायची. आयबीए (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) ३००० पीपीएम, म्हणजे ५० टक्के अल्कोहोलच्या १०० मिलिलिटर द्रावणात ३०० मिलिग्रॅम. त्यात पाच सेकंद बुडवून काडी सुकू द्यायची आणि मग खोचायची. माध्यम परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) आणि बारीक सालीचा चुरा, समप्रमाणात. वर प्रकाश गाळणारं आच्छादन, हवेत भरपूर दमटपणा, पण माध्यम चिंब नको. बूड काळं पडून मऊ झालं तर दोष बहुतेक वेळा जास्त पाण्याचाच असतो. पानं हिरवी आहेत आणि बुडाशी नुसती गाठ आलीय, मुळं नाहीत, अशी काडी फेकू नये. पोडोकार्पस संथ आहे, महिनोन्‌महिने घेतो. उपटून तपासत राहिलं की कोवळी मुळं तुटतात, तेवढं मात्र टाळावं.

कुंडी बदलताना बारीक मुळांवर मण्यांसारख्या गोल गाठी दिसतील. सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) समजून मुळं कापू नका. या कुळात त्या नैसर्गिकच असतात आणि त्यांच्यात सहजीवी बुरशी राहते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळाचीच वेडीवाकडी सूज. ही गाठ मात्र मुळाच्या कडेला, सुटी आणि रांगेत असते.

कोवळ्या फुटीवर निळसर-पांढरी पूड दिसली तर तो बहुधा पोडोकार्पसचा मावा. मागोमाग चिकटा आणि काळी बुरशी येते. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग पानांच्या खालून साबणाचं पातळ द्रावण, आठवड्याने पुन्हा. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. त्यामागे बहुतेकदा अल्कधर्मी पाणी असतं. नुसतं खत वाढवून उपयोग नाही, माध्यमाचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ च्या दरम्यान आणावा लागतो.

हेन्केलीचं बी मिळालं तर ते वाळवून डबीत ठेवू नका. ओलावा गेला की ते मरतं. गर काढून, धुऊन त्याच आठवड्यात पेरावं, मातीने जेमतेम झाकेल इतकंच खोल.

यानंतर मुळं धरलेली तोताराची कलमं अरुंद, खोल कुंड्यांत जातील. हेन्केलीच्या रांगेतली आडवी रोपं काढून त्यांच्या जागी उभ्या फुटव्यांच्या काड्या लावायच्या आहेत. सॅलिग्नसचा शेंडा या हंगामात छाटायचा नाही. खोड आधी पेन्सिलीएवढं होऊ दे.